कूलरखालचं मौन

२ मे

अखेर मूल्यमापन केंद्र माझ्या गळ्यात पडलं. पडलं म्हणजे मीच मान पुढे केली, हेही लिहून ठेवते, कारण ही डायरी मी खोटं लिहायला घेतलेली नाही.

बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाचे पेपर आमच्या कॉलेजात तपासायचे आणि महिनाअखेर गुण विद्यापीठाकडे पाठवायचे, एवढंच काम. पण गेली दोन वर्षं परीक्षकांना पत्रं जातात आणि परीक्षक येत नाहीत. कुणाचा गुडघा दुखतो, कुणाच्या मेव्हण्याचं लग्न निघतं, आणि सोलापूरचं मे महिन्यातलं ऊन हे कारण तर कुणी सांगायचीही गरज नसते. गेल्या वर्षी निकाल इतका रखडला की मुलांचे पुढचे प्रवेश हुकले आणि कुणीतरी आमच्या फाटकाला बाहेरून कुलूप घालून निघून गेलं. आम्ही सगळे प्राध्यापक आत.

आज बैठकीत प्राचार्यांनी विचारलं, "या वर्षी केंद्रसंचालक कोण होणार?" तेव्हा सगळा स्टाफ वरच्या पंख्याचं बारकाईने निरीक्षण करू लागला. मी उभी राहिले. माझी पीएच.डी. 'कार्यस्थळी अध्यात्म' या विषयावर आहे. ज्याला आपल्या कामात अर्थ दिसतो, सहकारी आपले वाटतात, मन निवांत असतं, त्याची कामावरची निष्ठा वाढते आणि काम सुधारतं, हे मी दोनशे पानांत सिद्ध केलंय. आता ते माणसांवर सिद्ध करायची संधी आली. जूनमध्ये धारवाडला परिषद आहे, तिथे याच प्रयोगावर पेपर वाचेन.

प्राचार्य म्हणाले, "मॅडम, अध्यात्माचं तुम्ही बघा, मला एकतीस तारखेला गुण पाहिजेत."

आणखी एक गोष्ट त्यांनी थांबवून सांगितली. आमच्या विभागात एक कायम जागा मंजूर झालीये, जूनमध्ये मुलाखती. आमच्याकडे तासिका तत्त्वावर शिकवणारे दोघे उमेदवार आहेत: हिंदुराव आणि सयाजी. विभागप्रमुख म्हणून मी निवड समितीत असणार. "दोघांनाही केंद्रावर हाताखाली घ्या," प्राचार्य म्हणाले, "काम बघा आणि ठरवा." हिंदुराव मोहोळहून येऊन-जाऊन करतात, आणि ते आमच्याकडे इतकी वर्षं आहेत की त्यांनी शिकवलेला एक मुलगा आता आमच्याच ऑफिसात क्लार्क आहे. मागची जागा निघाली तेव्हा ती दुसऱ्या विषयाला गेली. ही हुकली तर पुढची कधी, ते सिद्धेश्वरालाच ठाऊक.

घरी यांना सगळं सांगितलं. शिवलिंगप्पांचं नवी पेठेत कापडाचं दुकान आहे, त्यामुळे जगातला प्रत्येक प्रश्न ते काउंटरवर ठेवूनच बघतात. म्हणाले, "गिऱ्हाईक आत यायला पाहिजे असेल तर पंखा दारात लावावा लागतो बघ." यांना अध्यात्मातलं ओ की ठो कळत नाही.

५ मे

पहिला दिवस. बोलावलेल्यांपैकी निम्मेही आले नाहीत. मौनाचं पहिलं सत्र मी वरच्या मजल्यावरच्या वर्गात ठेवलं होतं. पत्र्याखालचा वर्ग आहे, पण शांत. तिघेजण आले. त्यातले एक स्वच्छतागृह शोधत आले होते, पण सज्जन असल्यामुळे बसले.

उद्यापासून सत्र खाली वाचनकक्षात हलवते. सुटीमुळे तो रिकामाच आहे. जागा मोठी आहे, भिंतीवर संतांची चित्रं आहेत, त्यांची स्पंदनं उपयोगी पडतील. दोन मोठे कूलर मात्र घरघर करतात, तेवढा व्यत्यय चालवून घ्यावा लागेल.

६ मे

काय सांगू! वाचनकक्षात पाय ठेवायला जागा नव्हती. पंधरा मिनिटं मौन, पाच मिनिटं 'मी हे काम का करतो' याचं स्मरण, मग पेपर, असा माझा कार्यक्रम. परीक्षक तर आलेच, ऑफिसचे दोन क्लार्क आले, एक एनसीसीचे सर आले, त्यांचा पेपर तपासण्याशी काडीचा संबंध नाही. आपल्या लोकांमध्ये एवढी आत्मिक भूक असेल असं मला वाटलं नव्हतं. काहींचा श्वास इतका खोल गेला की त्याचा आवाज येऊ लागला. मंगळवेढ्याच्या वच्छला मॅडम, आमच्या सगळ्यांत ज्येष्ठ परीक्षक, त्यांची तर मान एका बाजूला कलली आणि चेहऱ्यावर बाळासारखं समाधान आलं.

मौन संपल्याची घंटा वाजवली तर कुणी हलेचना. मागून कुणीतरी म्हणालं, "मॅडम, अजून पाच मिनिटं की." शेवटी सगळ्यांनी मिळून मागणी केली की पेपरही इथेच बसून तपासू, मन एकाग्र राहतं. मी आनंदाने हो म्हटलं.

यांना सांगितल्यावर हे नुसतं हसले आणि कानडीत म्हणाले, "आयतु." म्हणजे झालं तर मग.

९ मे

आता दोन उमेदवारांविषयी, स्पष्टपणे.

सयाजी मौनाला सगळ्यांच्या आधी येऊन पहिल्या रांगेत बसतात. पाठ ताठ, हात गुडघ्यांवर. काल स्मरणाच्या वेळी ते म्हणाले, "उत्तरपत्रिका तपासताना मी स्वतःलाच तपासत असतो." मी लगेच लिहून घेतलं. कामातल्या अध्यात्माची प्रश्नावली सगळ्यांना दिलीये, त्यांनी सगळीकडे पाचपैकी पाच लिहून त्याच दिवशी परत केली.

हिंदुराव मात्र निराशा करतात. माणूस आडव्या अंगाचा, मिशीवाला, कानाला कायम मोबाइल. मौनाला चार दिवसांत एकदाही नाहीत. आज रोखून विचारलं, "हिंदुराव, सत्राच्या वेळी तुम्ही असता कुठे?"

"मॅडम, मंगळवेढ्याची गाडी आली व्हती, तितं स्टँडवर गेलो व्हतो. रिक्षा बघाया."

"रिक्षा काय बघायची? स्टँडवर रिक्षा असतातच."

"असत्यात की. पर ते एकेकाला येगळं पैसं मागत्यात. चौघं मिळून बसवलं की समदी वेळेत हितं."

आणि प्रश्नावली? "ते कागद कुटं ठेवलं बघतो मॅडम." म्हणजे भरलेली नाही. शिवाय मला न विचारता यांनी वेळापत्रक बदललंय. ज्यांच्या भागात आज नळाला पाणी येणार, त्यांना दुपारून बोलावलंय. मी सुनावलं, की निष्ठा असली की पाणी-बिणी आड येत नाही. ते म्हणाले, "व्हय मॅडम." पण बदललं काहीच नाही. मधल्या सुट्टीत पुन्हा फोनवर: कुणाच्या तरी सासूच्या मोतीबिंदूची चौकशी चालली होती. मध्येच घरून रेश्माचा, त्यांच्या बायकोचा, फोन आला. "अगं न्हाय अजून, मुलाखत जूनला हाय, रोज काय इचारतीस," असं म्हणाले आणि माझ्याकडे बघून ओशाळले.

माणूस वाईट नाही. पण कामातलं अध्यात्म म्हणतात ते यांच्यात शोधून सापडणार नाही. माझ्या निरीक्षणात निष्ठेला पाचपैकी दोन.

१४ मे

हजेरी उत्तम. गठ्ठे भराभर उलगडताहेत. आलेख काढला, रेघ अशी वर चढत गेलीये की बघत राहावं. मौन सुरू झालं आणि माणसं येऊ लागली, यापरता पुरावा कोणता हवा?

आज प्राचार्य स्वतः पाहणीला आले. पाच मिनिटांसाठी म्हणून भिंतीलगतच्या खुर्चीत बसले ते पाऊण तास डोळे मिटून होते. जाताना म्हणाले, "मॅडम, अनुभूती आली."

१६ मे

आज करुणा-दिवस केला. कल्पना माझीच. उत्तरपत्रिकेच्या शेवटी मुलं जे लिहितात ते आपण वाचतो, हसतो आणि पान उलटतो. आज मी तसे निवडक मजकूर मोठ्याने वाचून दाखवले. एकाने लिहिलं होतं, 'सर, लग्न ठरलंय, मुलगी म्हणते नवरा बी.कॉम. पास पाहिजे. बाकी तुमच्या हातात.' दुसरा: 'पेपर अवघड गेला, पण माझा स्वभाव चांगला आहे.' एका मुलीने तर सगळे प्रश्न सोडून दोन पानं घरची हकिकत लिहिली होती, म्हैस कधी व्याली तिथपर्यंत. त्यानंतर आम्ही पंधरा मिनिटं त्या मुलांना मनात आणून मौन पाळलं. वच्छला मॅडमनी पदराने डोळे टिपले. एनसीसीचे सरही हलले.

मग जे काम झालं ते विचारू नका. पेनं नुसती पळत होती. उद्या-परवाही याच भावनेने बसायचं, असं सगळ्यांनी ठरवलं.

१९ मे

तीन दिवसांत उरलेले सगळे गठ्ठे संपले! बारा दिवस आधी! सगळ्यांना पेढे देऊन मोकळं केलं. सयाजी निरोपाच्या भाषणात म्हणाले, की हे केंद्र नव्हतं, ही साधना होती. टाळ्या थांबेनात.

२२ मे

विद्यापीठातून मॉडरेशनवाल्या, म्हणजे तपासलेले गठ्ठे पडताळणाऱ्या, सरांचा फोन. आधी वाटलं अभिनंदनाचा असेल.

"मॅडम, तुमच्या केंद्रावर यंदा सगळीच पोरं हुशार झाली का काय?"

दुपारी जाऊन स्वतः गठ्ठे बघितले आणि डोकं गरगरलं. करुणा-दिवसापासून पुढे एकही विद्यार्थी नापास नाही. एकाने नुसते प्रश्नच पुन्हा सुवाच्य अक्षरात उतरवलेत, त्याला पन्नास. त्या म्हशीच्या हकिकतीला सत्तावन्न. सयाजींच्या गठ्ठ्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळ्यांना सारखेच गुण आहेत, याला समदृष्टी म्हणावं की आणखी काही, ते मला ठरवता येईना. एकट्या हिंदुरावांचा गठ्ठा जसाच्या तसा मान्य झाला. ते त्या सत्रालाही नव्हते, त्यामुळे करुणेचा स्पर्श न होता वाचले.

तीन दिवसांचं सगळं काम पुन्हा करायचं. तारीख तीच, एकतीस. नाहीतर केंद्र जाईल, मुलांचे प्रवेश पुन्हा हुकतील आणि या वेळी कुलूप कोण लावेल ते लावेल, आत मी असेन.

यांना सांगताना मला रडूच आलं. यांनी पाण्याचा तांब्या पुढे केला आणि म्हणाले, "साकु. पुरे आता. माल परत आला म्हणून कुणी दुकान बंद करतं का?"

२४ मे

सगळ्या परीक्षकांना व्हॉट्सॲपवर सविस्तर संदेश पाठवला. कामाचा हेतू, समाजाचं ऋण, आपण अनुभवलेली ती शांतता, सगळं मांडलं. मजकूर चांगला जमला होता. प्रत्येकाकडून जोडलेल्या हातांचं चित्र आलं. माणूस एकही आलं नाही.

त्यात वाचनकक्षातल्या दोन्ही कूलरच्या मोटारी जळाल्यात. पण ती गौण गोष्ट आहे.

२५ मे

आज दिवसभर मी एकटी पेपर तपासत बसले. खरं लिहायचं तर भीती वाटतेय. इतक्या वर्षांत मी कुणापुढे हात टेकले नव्हते.

सयाजी सकाळी येऊन भेटले. म्हणाले, "मॅडम, मी आतून पूर्णपणे तुमच्याबरोबर आहे." आणि मुलाखतीच्या तयारीसाठी पुण्याला गेले. शब्दांचाही आधार असतोच माणसाला.

हिंदुराव आले होते, पण त्यांनी मोजके पेपर तपासले आणि मग बाहेर कडुनिंबाखाली जाऊन मोबाइल कानाला. मी पाणी प्यायला गेले तेव्हा त्यांचं बोलणं कानावर पडलं. "व्हय, एकट्याच बसल्यात. सकाळधरनं. न्हाय वो, डबा सुदिक उघडला न्हाय. डोळं लाल झाल्यात. कुणाशी बोलंना झाल्यात बघा." यांच्या घरची कुणी म्हातारी रुसून बसलेली दिसते. बिचारी. पण अशा घडीला घरगुती गोष्टींत इतका वेळ घालवायचा म्हणजे काय! मी मात्र बरोबर बाराला डबा खाऊन पुन्हा कामाला लागले होते.

२६ मे

आले! सगळे आले!

सकाळी नवाला फाटकाशी रिक्षांची रांग लागली. सर्वांत आधी वच्छला मॅडम उतरल्या, हातात कापडात बांधलेल्या ज्वारीच्या भाकरी. मला बघताच त्यांनी पेपर-बिपर बाजूला सारले. "आदी दोन घास खावा, मग काय ते बोला. असं उपाशी ऱ्हाऊन कुटं काम व्हतंय का?" मी म्हटलं, मी नाश्ता करून आलेय. त्यांनी विश्वासच ठेवला नाही. मग दुसऱ्यांनी शेंगाचटणी वाढली, तिसऱ्यांनी पुरणपोळी काढली, एनसीसीचे सर घरून ताक घेऊन आले होते. माझ्याभोवती बसून सगळे मला जेवताना बघत होते, आणि त्यांच्या डोळ्यांत अशी काही माया होती की मला नाही म्हणवेना. एकाने तर माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

करुणा ती हीच. मी पेरली होती, ती उगवली.

मौन घ्यायला वेळच नव्हता. कूलर बंद, वाचनकक्ष भट्टीसारखा तापलेला. लोकांनी ओले पंचे डोक्यावर घेतले, बायकांनी पदर भिजवले, आणि काम सुरू. कुणी कुणाला लवकर जाऊ देईना. हिंदुराव मध्येच माठाचं पाणी फिरवत होते, मध्येच कुणाच्या अडलेल्या बेरजा बघत होते.

एक शास्त्रीय नोंद: सत्रं बंद असूनही निष्ठा टिकून आहे. म्हणजे मौनाचा परिणाम उशिरा उमटतो आणि दीर्घकाळ राहतो. पेपरात याला स्वतंत्र प्रकरण देईन.

३१ मे

दिले! गुण दिले! या वेळी मॉडरेशनवाले सर म्हणाले, "आता बरोबर आहे, पोरं नेहमीसारखीच आहेत." प्राचार्यांनी मला शाल दिली, या उकाड्यात. मी ती खांद्यावर घेऊनच घरी आले.

९ जून

धारवाडचा पेपर पूर्ण. उद्या मुलाखती आहेत.

मी माझं मत ठरवलंय. हिंदुरावांबद्दल जीव तुटतो. रेश्माचा फोन आज स्टाफरूममध्येच वाजला, त्यांनी उचलला नाही, नुसतं त्याच्याकडे बघत बसले. पण दया वेगळी आणि निवड वेगळी, हे करुणा-दिवसाने मला शिकवलंय. निष्ठा, समर्पण, कामाचा अर्थ समजणं, सगळ्यांत सयाजी पुढे आहेत. मी सयाजींचं नाव घेणार.

जेवताना यांना सांगितलं. हे म्हणाले, "त्या सयाजीला दुकानात ठेवला असता ना, तर दिवसभर आरशासमोरच उभा राहिला असता." मला हसू आलं, पण मत बदललेलं नाही.

१० जून

आजचं नीट, सावकाश लिहायला हवं.

समितीत प्राचार्य, कोल्हापूरहून आलेले दोन तज्ज्ञ आणि मी. सयाजी अकरा वाजता आत आले आणि खोली उजळून गेली. काय ते बोलणं, काय ती शब्दांची निवड! एका तज्ज्ञांनी माझ्याकडे बघून मान डोलावली. मीही डोलावली.

मग हिंदुराव. इस्त्रीचा शर्ट पाठीला चिकटलेला, खुर्चीच्या अगदी काठावर बसले. विषयातले प्रश्न त्यांनी बरे सोडवले, एक हिशेब तर तज्ज्ञांपेक्षा आधी. मग कोल्हापूरच्या सरांनी विचारलं, "यंदा तुमच्या केंद्राने दोनदा तपासणी करूनही वेळेत गुण दिले, असं ऐकलं. त्यात तुमचं काम काय?"

मला वाटलं आता हा माणूस चार वाक्यं तरी स्वतःबद्दल बोलेल. इतक्या वर्षांनी आलेली जागा समोर आहे.

ते म्हणाले, "माझं काय विशेष न्हाय सर. समदं मॅडमनी केलं. त्यांनी रोजचं मौन चालू केलं, त्यामुळं माणसांना कामाची ओढ लागली. शेवटच्या आठवड्यात सुदिक त्याच मौनासाठी सगळी माणसं परत आली."

तज्ज्ञांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. माझं पेन मात्र थांबलं. शेवटच्या आठवड्यात मौन नव्हतंच. एक दिवससुद्धा नव्हतं. आणि ते नव्हतं हे हिंदुरावांइतकं कुणालाच माहीत नव्हतं, कारण तिथे सगळा वेळ तेच होते. मग हा माणूस माझ्या तोंडावर माझ्याचसाठी खोटं का बोलतोय? लोक मौनासाठी आले नसतील तर आले कशासाठी?

आणि एकदम ते कडुनिंबाखालचं बोलणं आठवलं. एकट्याच बसल्यात, डबा उघडला न्हाय, डोळं लाल झाल्यात. अगं बाई! ती रुसलेली म्हातारी मीच होते.

भाकरी, ताक, कपाळावरचा हात, सगळं एकामागून एक समोर आलं. स्टँडवरच्या रिक्षा आल्या. पाण्याचे वार आले. मोतीबिंदूवाली सासूसुद्धा आली, त्या सासूची सून आमची परीक्षक होती. मी महिनाभर या माणसाला निष्ठेचे दोन गुण देऊन बसले होते.

"हे खोटं बोलताहेत," मी म्हणाले.

हिंदुरावांचा चेहरा असा उतरला की तो मला जन्मभर आठवेल. त्यांना वाटलं, संपलं.

मी घाईघाईने पुढचं सांगून टाकलं, नाहीतर धीर गेला असता. म्हटलं, शेवटच्या आठवड्यात मौन झालंच नाही. मी लांबलचक संदेश पाठवला, त्यावर एक माणूस आलं नाही. यांनी एकेकाला फोन केले आणि सगळे आले, कारण इतकी वर्षं हे त्या प्रत्येकाच्या उपयोगी पडत आलेत. मी निष्ठा मोजत होते आणि ती माझ्या समोरून चालत होती, कानाला मोबाइल लावून. आणि मी बाराला जेवले होते, तेही सांगितलं. ते सांगायची गरज नव्हती, पण निघून गेलं.

प्राचार्य खोकल्यासारखं करून हसू दाबत होते. कोल्हापूरचे सर म्हणाले, "म्हणजे मॅडम, तुमच्या मौनाचा काही उपयोग झालाच नाही?"

तर हिंदुरावच मध्ये बोलले. स्वतःच्या मुलाखतीत! "न्हाय न्हाय सर, असं म्हणू नगा. मॅडमचं समदंच काय चुकीचं न्हाय. लोकं आली कूलरसाठी, ही गोष्ट खरी. पर त्या कूलरखाली रोज शेजारी बसली की. मोहोळवाल्याला मंगळवेढ्याचा माणूस वळखायला लागला. त्याआदी कोण कुणाला इचारत नव्हतं."

"कूलरसाठी?" मी विचारलं.

आता चौघंही माझ्याकडे बघत होते. आणि मग सगळे हसले, आधी प्राचार्य, मग दोन्ही तज्ज्ञ, आणि काय सांगू, मग मीसुद्धा. माझा आलेख आठवला, ती वर चढत गेलेली रेघ, आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. हिंदुराव तेवढे हसले नाहीत. ते बिचारे विचारत होते, "मॅडम, मी काय चुकलो का?"

त्यांना बाहेर पाठवल्यावर आम्हाला फार बोलावं लागलं नाही. कोल्हापूरच्या सरांनी माझं मत विचारलं. मी म्हटलं, हिंदुराव. त्यांनी धारवाडच्या पेपरचं विचारलं. मी म्हटलं, तो आता पहिल्या पानापासून नव्याने लिहायचाय, आणि तो लिहायला मला उत्साह आलाय. चौघांच्या सह्या झाल्या. निकाल उद्या फलकावर लागेपर्यंत कुणाला सांगायचा नसतो, हा नियम मीच दरवर्षी सगळ्यांना ऐकवते. प्राचार्यांनी खिडकीकडे तोंड फिरवलं आणि म्हणाले, "मॅडम, मी बाहेरची झाडं बघतोय. तुम्हाला कुठं जायचं तर जाऊन या."

हिंदुराव जिन्यात उभे होते, पिशवी काखेत, निघायच्या तयारीत. मला बघून पहिलं वाक्य काय बोलावं? "मॅडम, तुमचा पेपर आता कसा व्हायचा? माझ्यामुळं घोळ झाला."

"हिंदुराव," मी म्हटलं, "तुमची निवड झाली."

ते हळूच जिन्याच्या पायरीवर बसले, एवढा मोठा माणूस, आणि मिशीवरून हात फिरवत राहिले. मग मोबाइल काढला, घरी लावला. पलीकडून रेश्माने उचलला. "काय वो? काय झालं?" तिचा आवाज मला उभ्या जागी ऐकू येत होता. हिंदुरावांनी तोंड उघडलं, पण शब्द फुटेना. अख्ख्या जिल्ह्याशी बोलणारा माणूस, त्यांनी तो मोबाइल माझ्या हातात दिला.

"अवं, बोला की! झालं का न्हाय?"

"झालं, रेश्मा," मी म्हटलं. "मी मॅडम बोलतेय. यांचं झालं."

ती घरात ओरडली, "आत्याबाई, झालं वो! ह्यांचं झालं!" आणि फोन बहुतेक तिच्या हातातून पडला, कारण नंतर कुणी आमच्याशी बोललंच नाही. नुसती पळापळ ऐकू येत होती, भांडं पडलं, पोरं नाचायला लागली, म्हातारीने कुणाला तरी साखर आणायला पिटाळलं, शेजारची बाई काय झालं म्हणून विचारत आली आणि तीही ओरडायला लागली. मी खाली पायरीवर हिंदुरावांच्या शेजारी बसले. मोबाइल आमच्या मध्ये ठेवला. बराच वेळ आम्ही दोघं मोहोळच्या त्या घरातला दंगा ऐकत बसलो.